जोड बघून कुस्ती लावणारा राजा : शाहू महाराजांनी खासबागचं मैदान कसं उभं केलं?

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावची यात्रा घ्या. माळशिरस तालुका असो, माढा असो की मोहोळ. सकाळी पालखी निघते, दुपारी जेवणं उरकतात आणि ऊन कलायला लागलं की हलगी कडाडते. अख्खं गाव मैदानाकडे सरकायला लागतं. आधी नारळावरच्या आणि रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या होतात. मग शंभराची, पाचशेची, हजाराची. इनाम चढत जातं आणि दिवस मावळायच्या बेताला मैदानातली सगळ्यात मोठी कुस्ती लागते.

सगळ्यांच्या नजरा पैलवानांवर असतात. पण मैदानाच्या कडेला फेटे बांधून, हातात वही घेऊन पाच-सात माणसं उभी असतात. ती यात्रा कमिटी. कुणाची कुस्ती कुणाबरोबर लावायची, इनाम किती ठेवायचं, पंच कोण, कुस्ती किती वेळ चालू द्यायची, हे सगळं ही मंडळी ठरवतात. त्यांचं गणित जमलं तर मैदान गाजतं. एक जोड चुकली किंवा एक निकाल वादात सापडला, तर दोन गावांत वर्षभर धुसफूस राहते.

थोडक्यात, कुस्ती पैलवान करतो, पण मैदान भरवणं हा वेगळाच डाव आहे. महाराष्ट्रात हा डाव सगळ्यात मोठ्या पातळीवर खेळून दाखवला तो कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी. खासबाग मैदान ही त्याची खूण. आणि हे मैदान समजून घेतलं की हा राजा राज्य कसं चालवत होता, तेही समजतं.

कागलचा पोरगा कोल्हापूरच्या गादीवर

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आईचं छत्र फार लवकर हरपलं.

इकडे कोल्हापूरच्या गादीवर संकट होतं. चौथे शिवाजी महाराज इंग्रजांच्या ताब्यात होते आणि डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. गादीला वारस नव्हता. १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी कागलच्या यशवंतरावांना दत्तक घेतलं. दहा वर्षांचं पोर कोल्हापूरचे शाहू छत्रपती झालं. दोनच वर्षांत वडीलही गेले.

शिक्षणासाठी त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवण्यात आलं, त्यानंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांचा अभ्यास झाला. इंग्रजी, इतिहास, राज्यकारभार हे सगळं शिकून झालं. पण गडी मूळचा रांगडा. घोडा, शिकार आणि कुस्ती यात जीव रमायचा. अंगाने धिप्पाड. स्वतः लंगोट लावून मातीत उतरायचे. पुढे मल्लांचा आश्रयदाता म्हणून जे नाव झालं, त्याची सुरुवात अशी स्वतःच्या अंगाला माती लावून झाली होती.

२ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रं हातात आली. वय अवघं वीस. पहिल्या काही वर्षांतच दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग आला. स्वस्त धान्याची दुकानं, दुष्काळी कामं, प्लेगपासून लोकांना वाचवण्यासाठी गावाबाहेर वस्त्या, असा सगळा कारभार या तरुण राजाला करावा लागला. हजारो माणसांना एका जागी आणणं, त्यांच्या पोटापाण्याची सोय करणं आणि गोंधळ होऊ न देणं, याचा धडा त्यांना इथेच मिळाला.

तालमी उभ्या राहिल्या, पण मैदानाचं काय?

कोल्हापुरात तालमी आधीपासून होत्या. शाहू महाराजांनी त्यांना बळ दिलं. मोतीबाग, गंगावेश या तालमींची नावं आजही कुस्तीच्या जगात अदबीने घेतली जातात. पंजाबकडचे नामांकित मल्ल कोल्हापूर दरबारात येऊ लागले. त्यांच्यासोबत त्यांचे डाव, त्यांची मेहनतीची पद्धत आणि त्यांचे वस्तादही आले. खेड्यापाड्यातली पोरं त्यांच्याबरोबर जोर मारू लागली.

पैलवान पोसणं हे खायचं काम नाही, आणि खरं तर सगळं खायचंच काम आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई असा खुराक रोज लागतो. कुस्ती वर्षातून चार-पाच वेळा होते, पण पैलवान वर्षभर जेवतो. गरीब घरच्या पोराला हा खर्च झेपत नाही. त्यामुळे मोठं मैदान भरवायचं असेल तर त्याची तयारी मैदानात सुरू होत नाही, ती तालमीतल्या चुलीवर सुरू होते. राजाश्रयाचा अर्थ इथे अगदी साधा होता. पैलवानाच्या पोटाची काळजी दरबाराने घेतली.

पण चांगले पैलवान तयार झाले की दुसराच प्रश्न उभा राहतो. त्यांची कुस्ती बघायला माणसं लोटतात आणि सपाट मैदानावर ती मावत नाहीत.

त्या काळातल्या कुस्तीच्या फडाची कल्पना करा. मोकळं रान, मध्ये उकरलेली माती आणि भोवती माणसांचं कडं. पुढच्या रांगेतला माणूस बसलेला असतो तोवर ठीक. पण पैलवानाने पटात हात घातला की तो उठून उभा राहतो. मग मागचा उठतो, त्याच्या मागचा टाचा उंचावतो आणि शेवटच्या रांगेतला बैलगाडीवर चढतो. कडं हळूहळू आत सरकायला लागतं. पैलवानांना फिरायला जागा उरत नाही. पाठ टेकली की नाही हे पाच माणसांना दिसतं आणि पाच हजार माणसं त्यावर वाद घालतात. निकाल दिसला नाही की भांडण ठरलेलं.

मैदान भरवणाऱ्याची खरी परीक्षा इथेच असते. जिंकणाऱ्याला समजवावं लागत नाही. हरणाऱ्याला, त्याच्या वस्तादाला, त्याच्या गावाला आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला निकाल पटला पाहिजे.

रोममध्ये काय दिसलं?

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज इंग्लंडला गेले. बादशहा आजारी पडल्यामुळे जूनमधला सोहळा ऑगस्टपर्यंत पुढे ढकलला गेला. केंब्रिज विद्यापीठाने महाराजांना एलएल.डी. ही पदवी दिली. याच प्रवासात त्यांनी रोमचं कोलोसियम पाहिलं आणि असं मैदान आपल्या कोल्हापुरात असावं हे मनात घेतलं, असं सांगितलं जातं.

कोलोसियम म्हणजे गर्दी सांभाळण्याचा दोन हजार वर्षांपूर्वीचा धडा. इसवी सन ८० मध्ये ते खुलं झालं. सुमारे पन्नास हजार माणसं बसू शकतील असं ते लंबगोल मैदान. मध्ये खाली खेळाची जागा आणि भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्या, म्हणजे पुढचा माणूस मागच्याच्या आड येत नाही. तळमजल्यावर ऐंशी दरवाजे आणि बहुतेक दरवाजांवर आकडे कोरलेले. आपल्या आकड्याच्या दरवाजाने आत यायचं, त्याच वाटेने बाहेर पडायचं. एवढा जमाव थोड्या वेळात रिकामा व्हायचा.

पण त्याच प्रवासाची आणखी एक आठवण इतिहासात कायमची कोरली गेली. महाराज परदेशात असतानाच २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात एक जाहीरनामा निघाला. सरकारी नोकऱ्यांमधल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा तो हुकूम. आठ वर्षांपूर्वी महाराजांनी कारभार हातात घेतला तेव्हा दरबारातल्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागा ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या. बहुसंख्य रयतेला कारभाराच्या आखाड्यात पाऊल टाकायचीच सोय नव्हती.

मैदान आणि जाहीरनामा, या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटतात. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता. सामना लावताना जोड बघितली जाते की नाही?

खासबाग : बागेच्या जागी आखाडा

१९०७ च्या सुमारास खासबागच्या कामाला सुरुवात झाली आणि १९१२ मध्ये मैदान तयार झालं. त्या आधीच, १९०६ मध्ये, शाहू मिलची उभारणी सुरू झाली होती. भोगावती नदीवर राधानगरीचं धरण बांधायची योजनाही याच काळातली. म्हणजे कापड, पाणी आणि कुस्ती, तिन्ही कामं एकाच वेळी चालू होती.

खासबागची रचना नीट पाहिली की त्यामागचा विचार लक्षात येतो. मैदान गोल. मध्यभागी लाल मातीचा आखाडा, तोही उंचावर. आखाड्याच्या भोवती मोकळी जागा, म्हणजे प्रेक्षक कितीही उतावीळ झाला तरी तो थेट मातीत येत नाही. त्यापलीकडे चढत जाणारा उतार आणि त्यावर बसणारी माणसं. लाकडी मांडव नाही, खुर्च्या नाहीत. जमिनीलाच अशी घडण दिली की हजारो माणसं मांडी घालून बसली तरी प्रत्येकाची नजर थेट आखाड्यावर पडेल.

सपाट रानावरचे सगळे प्रश्न इथे जमिनीच्या चढउताराने सोडवले. उभं राहायची गरज संपली, त्यामुळे ढकलाढकली संपली. कडं आत सरकायची भीती गेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठ टेकली की सगळ्यांनाच दिसू लागलं. पंचाचा निकाल आता हजारो साक्षीदारांसमोर लागणार होता.

एक फरक मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. रोमच्या कोलोसियममध्ये माणसाच्या रक्ताचा खेळ चालायचा आणि कधीकधी हरणाऱ्याचा जीवही जायचा. कोल्हापुरात हरलेला पैलवान अंगावरची माती झटकून उठायचा, जिंकणाऱ्याच्या हातात हात द्यायचा आणि पुढच्या मैदानाच्या तयारीला लागायचा. रोमहून आली ती बांधणी. आत भरली ती आपली माती.

मातीची गोष्टही साधी नाही. आखाड्याची लाल माती चाळून घ्यावी लागते. तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद, काव असं काय काय मिसळलं जातं. पैलवान पडला तर हाड वाचलं पाहिजे, खरचटलं तर जखम चिघळू नये आणि हाताला पकड मिळाली पाहिजे. माती फार कोरडी झाली तर धूळ उडते, फार ओली झाली तर पाय सरकतो. मोठ्या मैदानाआधी मातीवर काम करणारी माणसं वेगळीच असतात आणि त्यांचं नाव कुठल्याही पत्रकात नसतं.

मोठं मैदान भरतं कसं?

आता मुख्य काम. कुस्त्या ठरवायच्या.

मैदान भरवणाऱ्याच्या हातात सगळ्यात मोठी जबाबदारी असते जोड ठरवण्याची. दोन पैलवानांचं वजन, उंची, वय, आधीच्या कुस्त्या, कुणाचा कुठला डाव पक्का, कुणाचा दम टिकतो, हे सगळं वस्तादाला पाठ असतं. एकतर्फी जोड लावली तर कुस्ती अर्ध्या मिनिटात संपते आणि प्रेक्षक खवळतो. शिवाय कच्चा गडी जायबंदी होतो. म्हणून मोठ्या कुस्त्या महिने-दीड महिने आधी ठरतात, दोन्ही वस्तादांची संमती घेऊन. छोट्या कुस्त्या मैदानावरच लागतात. पोरगा आखाड्यात फिरतो, दुसरा हात वर करतो, पंच दोघांना शेजारी उभं करून बघतात आणि जोड बसली तरच हातात हात देतात.

दुसरं काम क्रम लावण्याचं. लहान कुस्त्यांनी सुरुवात आणि सगळ्यात मोठ्या जोडीने शेवट. मोठी कुस्ती आधी लावली तर निम्मं मैदान रिकामं होतं.

तिसरं काम पैशाचं. जिंकणाऱ्याला इनाम असतं, पण नामांकित पैलवान लांबून येतो. त्याचा येण्याजाण्याचा खर्च, राहणं, खुराक आणि हरला तरी द्यायची बिदागी हे आधी ठरवावं लागतं. हरलेला रिकाम्या हाताने गेला तर पुढच्या वर्षी तो येत नाही.

चौथं काम माणसं आणण्याचं. मिरज ते कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे लांबचे मल्ल आणि शौकीन कोल्हापूरपर्यंत गाडीने येऊ शकत होते. सोलापूरकडच्या माणसाला मात्र बरीच वर्षं फेरा मारावा लागायचा. कुर्डुवाडी-पंढरपूरकडून येणारी बार्शी लाईट रेल्वे मिरजेला जाऊन भिडली ती १९२७ मध्ये, महाराज गेल्यानंतर.

आणि पाचवं, सगळ्यात अवघड काम, निकालाचं.

निकाली कुस्ती म्हणजे काय, हे लास वेगासलाही शिकावं लागलं

मातीतल्या कुस्तीचा खरा शब्द आहे निकाली. प्रतिस्पर्ध्याला चितपट करायचं, त्याला अस्मान दाखवायचं. गुण नाहीत, मत नाही, शंका नाही. पण दोघेही तोडीस तोड असले तर कुस्ती तासन् तास चालते आणि एकाने अंग चोरलं तर ती संपतच नाही.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण घडलं १९१० मध्ये लंडनला. भारताचा गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती लागली. गामाची ताकद लक्षात आल्यावर झिबिस्को पोटावर पालथा पडून राहिला तो उठेचना. अडीच तासांहून जास्त वेळ हे चाललं आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्याभराने पुन्हा लढत ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि गामाला विजयी घोषित केलं गेलं. जिंकला खरा, पण पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला चितपट बघायला मिळालीच नाही. आयोजकासाठी यासारखी नामुष्की नाही.

गंमत म्हणजे हाच प्रश्न पुढे एका अगदी वेगळ्या खेळाला पडला. १९७० मध्ये अमेरिकेत लास वेगासला बेनी बिनियन या कॅसिनोमालकाने पत्त्यांच्या पोकर या खेळाची पहिली जागतिक मालिका भरवली. मोजके नामांकित खेळाडू आले, काही दिवस खेळले आणि शेवटी सर्वोत्तम कोण हे त्यांच्याच मतदानाने ठरलं. जॉनी मॉस विजेता झाला. पण मतदानाने ठरलेल्या विजेत्यात थरार कसला? दुसऱ्याच वर्षी नियम बदलला. सगळ्यांनी सारखी रक्कम भरायची, सारख्या चकत्या घेऊन बसायचं, चकत्या संपल्या की उठायचं आणि सगळ्या चकत्या एकाकडे जमेपर्यंत खेळ थांबवायचा नाही. म्हणजे निकाली पोकर!

अलीकडे त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत दहा हजारांच्या आसपास माणसं बसतात. २०२४ मध्ये हा आकडा १०,११२ होता. कोण कुठल्या टेबलावर बसणार हे सोडत काढून ठरतं, म्हणजे ओळखीचे लोक एकत्र बसून संगनमत करू शकत नाहीत. माणसं बाद होत गेली की टेबलं मोडून उरलेल्यांना दुसरीकडे बसवलं जातं. आणि झिबिस्कोसारखं कुणी अंग चोरून बसू नये म्हणून सक्तीने लावायची रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते. नुसतं बसून राहिलं तरी चकत्या संपतात.

मोठा फरक आहे तो पैशाच्या वाटेत. पोकरमध्ये बक्षिसाची रक्कम बहुतांशी हरणाऱ्यांच्या खिशातून येते. दहा हजार माणसं पैसे भरतात, बहुतेक जण ते गमावून घरी जातात. खासबागेत पैलवान स्वतःचा पैसा लावत नव्हता, लावत होता तो शरीर आणि मेहनत. इनाम दरबाराचं. गरीब घरचा पोरगा खिशात दमडी नसताना मैदानात उतरू शकत होता, ते यामुळेच.

१९१२ : पहिली कुस्ती

खासबागच्या पहिल्या मोठ्या कुस्तीसाठी तसाच तगडा मल्ल हवा होता. तो होता इमामबक्ष, गामाचा सख्खा भाऊ. दोनच वर्षांपूर्वी लंडनमध्ये त्याने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला धूळ चारून नाव कमावलं होतं. समोर होता गुलाम मोहिद्दीन. या लढतीने खासबागचा शुभारंभ झाला आणि इमामबक्षने कुस्ती मारली.

युरोपात गाजलेला मल्ल कोल्हापूरच्या मातीत लढला आणि तो उतारावर बसलेल्या साध्या माणसाने डोळे भरून पाहिला. शेतकऱ्याला, हमालाला, कारागिराला जगातला अव्वल दर्जाचा खेळ आपल्या गावात पाहता आला.

मैदानाला लागूनच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं. १९१५ मध्ये ते खुलं झालं. आज त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव आहे. कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी आले आणि कोल्हापूरला कलापूर म्हणायला आणखी एक कारण मिळालं.

घोडे, हरभरे आणि जोड

आखाड्यात जोड बघणारा राजा आखाड्याबाहेरही तेच बघत होता. पण तिथे त्याला टाळ्या मिळाल्या नाहीत, शिव्याच जास्त मिळाल्या.

१८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजाच्या धार्मिक विधींसाठी वेदोक्त मंत्र म्हणायचे की पुराणोक्त, यावरून वाद पेटला. राजा झाला तरी तो क्षत्रिय मानायचा की नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. महाराष्ट्रभरची वर्तमानपत्रं त्यावर लढली. ज्याला स्वतःच्या गादीवर बसून हा अपमान सोसावा लागला, त्याला गावकुसाबाहेरच्या माणसाचं दुःख कळायला वेळ लागला नाही.

नोकऱ्यांमधल्या राखीव जागांवरही टीका झाली. लायकी बघा, जात बघू नका, असा त्या टीकेचा रोख. यावर कोल्हापूरकडे एक किस्सा पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी असाच आक्षेप घेतला, तेव्हा महाराज त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. प्रत्येक घोड्याच्या तोंडाला हरभऱ्याची वेगळी पिशवी बांधलेली होती. महाराजांनी पिशव्या काढून सगळे हरभरे एका घोंगडीवर ओतायला लावले आणि घोडे मोकळे सोडले. दांडगे घोडे पुढे घुसले, लाथा झाडत खाऊ लागले. म्हातारे, अशक्त आणि शिंगरं लांब उभी राहिली. वकील काय ते समजले.

किस्सा घोड्यांचा असला तरी त्यातला विचार कुस्तीच्या फडातला आहे. पहिल्यांदाच लंगोट लावलेल्या पोराला मुरलेल्या पैलवानासमोर उभं करून त्याला स्पर्धा म्हणत नाहीत. त्याला आधी तालीम लागते, खुराक लागतो, वस्ताद लागतो आणि मग बरोबरीची जोड लागते. महाराजांनी या चारही गोष्टी राज्यकारभारात आणल्या. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायला सुरुवात केली, तो खुराक. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला, ती तालीम. नोकरीत जागा राखल्या, तो आखाड्यात पाऊल ठेवायचा हक्क.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल काढायला बळ दिलं आणि स्वतः तिथला चहा घ्यायला जाऊ लागले. राजा चहा पितो म्हटल्यावर दरबाऱ्यांनाही प्यावा लागला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यांनी जाहीर पाठिंबा दिला.

या सगळ्याची किंमत ते मोजत होते. शत्रू वाढत होते. त्यात १९१८ मध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले. हा घाव फार खोल होता. शरीरही साथ सोडत चाललं होतं. ६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराजांचं निधन झालं. वय होतं अवघं ४७.

राजा गेला, मैदान राहिलं

राजाश्रयावर उभ्या असलेल्या बऱ्याच गोष्टी राजाबरोबर संपतात. खासबाग संपलं नाही, कारण तोवर तालमी, वस्ताद आणि प्रेक्षक, तिन्ही तयार झाले होते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरात शिकले, तिथल्या मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि तिथे पहिल्यांदाच मॅटवर उतरून सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पैलवानाच्या मागे कुणीतरी उभं राहिलं पाहिजे, ही सवय महाराजांनी कोल्हापूरला लावली होती.

पुढे श्रीपती खंचनाळे, गणपत आंदळकर, मारुती माने असे हिंदकेसरी याच परंपरेतून आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागशेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला भीषण आग लागली, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभं राहून रडले. शंभर वर्षांपूर्वीच्या वास्तूसाठी माणसं अशी रडतात, कारण ती त्यांना आपली वाटत असते.

आज सोलापूर जिल्ह्यातल्या यात्रेत कमिटीचा माणूस दोन पोरांना शेजारी उभं करतो, खांद्याला खांदा लावून बघतो, एकाला बाजूला सारून दुसऱ्याला बोलावतो आणि जोड बसल्यावरच हातात हात देतो. त्या माणसाला खासबागचा इतिहास ठाऊक असेलच असं नाही. पण तो जे करतोय, तेच करण्यात एका राजाने २८ वर्षं घालवली. आधी आखाड्यात आणि मग सगळ्या संस्थानात.